राउटरच्या बोर्डवर यूएसबीची जागा रिकामी आहे, सॉकेट लावलं की चालेल का?

आधी प्रश्न परत लिहितो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही कळेल. तुमच्याकडे एक जुना वायफाय राउटर आहे, उघडल्यावर बोर्डच्या मागच्या कडेला चार होल ओळीत आणि बाजूला दोन मोठे होल दिसले, त्यावर यूएसबी असं छापलंय पण सॉकेट नाहीये. प्रोसेसरवर एआर९३३१ लिहिलंय, फ्लॅश मेमरीवर २५क्यू३२, आणि अ‍ॅडॉप्टर ९ व्होल्ट ०.६ अँपिअरचा. तुम्ही विचारताय की दुकानातून दहा-वीस रुपयांचं यूएसबी फीमेल सॉकेट आणून सोल्डर केलं तर पेनड्राईव्ह लावून घरात फाईल शेअर करता येतील का.

सरळ उत्तर, नुसतं सॉकेट लावून बहुतेक वेळा काहीच होत नाही, पण थोडं मोजमाप आणि थोडं जास्तीचं काम केलं तर या चिपवर यूएसबी नक्की चालू होऊ शकतं. मी गेली बरीच वर्षं राउटर, सेट-टॉप बॉक्स आणि इतर छोट्या बोर्डांची रिपेअरिंग करतोय आणि असे पोर्ट बऱ्यापैकी लावलेत, काही पहिल्या फटक्यात चालले, काही दोन-दोन दिवस खाऊन गेले, आणि जे अडले त्यातल्या एकाही ठिकाणी अडचण सॉकेटची नव्हती. म्हणून सॉकेट हे सगळ्यात शेवटचं काम असं डोक्यात पक्कं करा, सोल्डरिंग गन आज गरमच करू नका.

कंपनी जागा रिकामी का ठेवते ते कळलं की अर्धं गणित सुटतं. एकच पीसीबी (छापील सर्किट बोर्ड) डिझाईन करायची आणि त्यावर दोन-तीन मॉडेल काढायची हा सरळ पैशाचा हिशोब असतो, महाग मॉडेलला यूएसबी, स्वस्त मॉडेलला नाही. तुमची चिप असलेल्या घराण्यातच बघा, टीपी-लिंकचा डब्ल्यूआर७४१एनडी चौथी आवृत्ती आणि एमआर३२२० दुसरी आवृत्ती ही आतून जवळपास भावंडं आहेत, दोघांत एआर९३३१, पण ३जी डोंगलसाठी विकला गेलेला एमआर३२२० यूएसबीसकट यायचा आणि दुसरा त्याच्याशिवाय. आता स्वस्त मॉडेल बनवताना कंपनी फक्त सॉकेट वाचवत नाही, त्या पोर्टमागे जे जे लागतं ते सगळंच वाचवते, ५ व्होल्ट बनवणारा रेग्युलेटर, त्याची कॉइल, पॉवर स्विचचा आयसी, मोठा कपॅसिटर, डेटा लाईनवरचे दोन चिमुकले रेझिस्टर, स्टॅटिकपासून वाचवणारा डायोड, आणि वर फर्मवेअरमधूनही, म्हणजे राउटरच्या आतल्या सॉफ्टवेअरमधूनही, यूएसबी काढून टाकते. तुम्हाला दिसलेली रिकामी जागा त्यातली सगळ्यात मोठी, एवढंच. बाकीच्या रिकाम्या जागा तांदळाच्या दाण्याएवढ्या किंवा त्याहून बारीक असतात म्हणून नजरेत येत नाहीत.

त्यामुळे तुमच्या बोर्डवर नेमकं काय काय गायब आहे यावर सगळं अवलंबून आहे आणि ते इथे बसून मी सांगू शकत नाही. काही बोर्डवर ५ व्होल्ट आधीच असतात, काहींवर नसतात. काहींवर डेटा लाईन थेट चिपपासून होलपर्यंत आलेली असते, काहींवर मध्ये तुटलेली. एक मदत मात्र खूप होते, बोर्डवर किंवा मागच्या लेबलवर एफसीसी आयडी (अमेरिकी परवानगीचा नंबर) असेल तर तो इंटरनेटवर टाका, अमेरिकेत विकायला परवानगी घेताना कंपन्यांना आतले फोटो द्यावे लागतात आणि ते बहुतेक वेळा उघड बघायला मिळतात. भाऊ मॉडेलचा, म्हणजे यूएसबीवाल्याचा, असा फोटो मिळाला तर तुमच्या बोर्डशेजारी ठेवून काय काय कमी आहे ते एकेक करून मोजता येतं. मी तर असा फोटो मिळाल्याशिवाय काम हातातच घेत नाही आता, अगदीच नाही मिळाला तर मग ट्रॅक, म्हणजे बोर्डवरच्या तांब्याच्या रेषा, शोधत बसावं लागतं.

आता मोजायला सुरुवात. राउटरची पॉवर काढलेली, मल्टिमीटर बीपवर. डीसी जॅकचा बाहेरचा पत्रा बहुतेक वेळा ग्राउंड असतो, अ‍ॅडॉप्टरवरचं चिन्ह बघून मधली पिन पॉझिटिव्ह आहे याची खात्री करा, मग चार होलांपैकी कोणतं त्या ग्राउंडशी बीप देतं ते बघा. टाईप ए, म्हणजे नेहमीच्या चपट्या पोर्टमध्ये क्रम ठरलेला आहे, १ म्हणजे ५ व्होल्ट, २ डी मायनस, ३ डी प्लस (या दोन डेटाच्या लाईन), ४ ग्राउंड, आणि १ नंबरचं पॅड बहुतेक चौकोनी असतं. एका टोकाचं होल ग्राउंड निघालं की त्याच्या विरुद्ध टोकाचं १ नंबर. दोन्ही टोकं ग्राउंडशी बीप देत असतील तर तिथेच थांबा, ५ व्होल्टच्या लाईनवर काहीतरी शॉर्ट आहे किंवा कंपनीने ती मुद्दाम खाली बांधलीय.

मग अ‍ॅडॉप्टर लावून १ नंबरवर व्होल्टेज बघा. ही पायरी कधीही सोडू नका, आणि हे मी किंमत मोजून शिकलोय. सुरुवातीच्या काळात एका ग्राहकाच्या राउटरवर मला १ नंबरकडे येणारा जाड ट्रॅक दिसला, मध्ये एक रिकामी जागा होती, तिथे मी जंपर, म्हणजे जोडणारी वायर, मारला कारण जाड ट्रॅक म्हणजे ५ व्होल्टच असणार असं मी धरून चाललो. तो निघाला सरळ इनपुटचा, ९ व्होल्ट, कारण ती रिकामी जागा रेग्युलेटरच्या आधीच्या फिल्टरची होती आणि पुढचा रेग्युलेटर कोणीतरी आधीच बायपास करून ठेवला होता. मी न मोजता त्या माणसाचाच पेनड्राईव्ह लावला. त्यात त्याच्या बहिणीच्या लग्नाचे फोटो होते आणि दुसरी कॉपी नव्हती. पेनड्राईव्हचा कंट्रोलर गेला, फोटो परत मिळाले नाहीत, आणि त्या माणसाचा चेहरा मला आजही आठवतो. तेव्हापासून माझ्याकडे टेस्टिंगसाठी एक जुना, रिकामा पेनड्राईव्ह वेगळा ठेवलेला असतो आणि मीटर लावल्याशिवाय तोही पोर्टमध्ये जात नाही. तुम्हीही तसंच करा, घरातला कामाचा ड्राईव्ह शेवटी.

आता पॉवरबद्दल सविस्तर लिहितो, कारण अनुभव असा की दहातली सात-आठ कामं इथेच अडतात. यूएसबी २.० च्या नियमाप्रमाणे पोर्टने ५ व्होल्टवर ५०० मिलिअँपिअर द्यायला हवेत आणि व्होल्टेज ४.७५ ते ५.२५ मध्ये राहायला हवं. तुमच्या राउटरला आत येतात ९ व्होल्ट, आणि चिपला लागतात ३.३ आणि त्याखालचे, म्हणजे ५ व्होल्ट त्या बोर्डवर कुठेच नसण्याची शक्यता जास्त. भाऊ मॉडेलवर त्यासाठी वेगळा, व्होल्टेज कमी करणारा बक रेग्युलेटर असतो, म्हणजे एक छोटा आयसी, एक कॉइल, एक डायोड आणि दोन-चार रेझिस्टर-कपॅसिटर. तुमच्या बोर्डवर कॉइलची रिकामी जागा डीसी जॅकच्या आसपास दिसली तर समजा तेच ते.

इथे दोन रस्ते. एक, भाऊ मॉडेलवरचेच पार्ट शोधून तसेच्या तसे लावायचे. हा सगळ्यात सुंदर रस्ता आहे पण आयसीचा नंबर फोटोत वाचता आला पाहिजे आणि तो सुटा मिळाला पाहिजे, गावाकडे हे अवघड जातं, मुंबईत लॅमिंग्टन रोड किंवा पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपासच्या दुकानांत चक्कर मारली तर कधी मिळतो कधी नाही. दुसरा रस्ता, तयार बक मॉड्यूल, एमपी१५८४ आयसीवालं नखाएवढं मिळतं, ४.५ ते २८ व्होल्ट इनपुट चालतं, आणि राउटरच्या डब्यात सहज मावतं. मी बहुतेक वेळा हाच वापरतो. पण त्यावर एक छोटा स्क्रूवाला प्रीसेट असतो, मॉड्यूल बोर्डला जोडायच्या आधी बाहेरच ९ व्होल्ट देऊन आउटपुट ५.० किंवा ५.१ ला सेट करा, मग प्रीसेटवर नेलपॉलिशचा थेंब टाका म्हणजे हलणार नाही. आणखी चांगलं म्हणजे प्रीसेट काढून मोजलेल्या किमतीचा फिक्स रेझिस्टर लावायचा, कारण स्वस्त प्रीसेटचा आतला संपर्क सुटला तर काही मॉड्यूलचं आउटपुट थेट इनपुटएवढं चढतं आणि मग वर सांगितलेली गोष्ट परत घडते.

७८०५ (५ व्होल्टचा साधा रेग्युलेटर) लावू का असं कोणीतरी विचारणारच, म्हणून आधीच सांगतो, नको. ९ मधून ५ करताना वरचे ४ व्होल्ट तो उष्णता म्हणून जाळतो, ५०० मिलिअँपिअरला २ वॅट झाले, बंद प्लास्टिकच्या डब्यात हीटसिंकशिवाय २ वॅट म्हणजे तो तापून बंद पडणार, परत चालू होणार, आणि तुम्ही सॉफ्टवेअरला दोष देत बसणार. १२ व्होल्टचा राउटर असेल तर हाच आकडा ३.५ वॅट होतो.

अ‍ॅडॉप्टरचा हिशोबही करून घ्या. ९ गुणिले ०.६ म्हणजे ५.४ वॅट, त्यात राउटर स्वतः वायफाय जोरात चालू असताना दोन-अडीच वॅट खातो, आणि पोर्टला पूर्ण २.५ वॅट द्यायचे तर बकच्या नुकसानासकट अंदाजे ३ वॅट ओढले जाणार. बेरीज अगदी काठावर येते, आणि जुन्या अ‍ॅडॉप्टरचे कपॅसिटर सुकलेले असतात त्यामुळे प्रत्यक्षात तो काठही नसतो. पेनड्राईव्हपुरतं चालून जाईल, पण हार्डडिस्क किंवा ४जी डोंगल लावणार असाल तर ९ व्होल्ट १ अँपिअर किंवा जास्तीचा चांगला अ‍ॅडॉप्टर घ्या. व्होल्टेज तेवढंच ठेवा, अँपिअर जास्त असले तरी बिघडत नाही, लागतील तेवढेच ओढले जातात. १२ चा लावायचा मोह होत असेल तर आधी इनपुटच्या कपॅसिटरवर किती व्होल्ट छापलेत ते वाचा.

५ व्होल्टच्या लाईनवर पोर्टच्या अगदी जवळ एक मोठा कपॅसिटर हवाच. नियमात किमान १२० मायक्रोफॅरड सांगितलंय, मी २२० मायक्रोफॅरड १० किंवा १६ व्होल्टचा लावतो. हा नसला की गंमतीशीर वाटणारी पण डोकं फिरवणारी तक्रार येते, पेनड्राईव्ह खुपसला की राउटर रीस्टार्ट होतो, कारण ड्राईव्हमधले रिकामे कपॅसिटर एकदम करंट ओढतात आणि क्षणभर सगळं व्होल्टेज बसतं. आणि ५ व्होल्टच्या वाटेत एक पॉलीफ्यूज (आपोआप पूर्ववत होणारा फ्यूज) टाका, ०.५ ते ०.७५ अँपिअर होल्डवाला, कोणाच्या हातून पोर्टमध्ये शॉर्ट झाला तर राउटर वाचतो.

भाऊ मॉडेलवर या वाटेत पाच पायांचा एक पॉवर स्विच आयसी पण असू शकतो ज्याला प्रोसेसर एका पिनने चालू-बंद करतो, टीपी-लिंकच्याच डब्ल्यूआर७०३एन मध्ये हे काम जीपीआयओ ८ ही प्रोसेसरची पिन करते. तुम्ही तो आयसी लावलात तर सॉफ्टवेअरमध्ये ती पिन चालू करावी लागेल, नाहीतर पोर्टवर शून्य व्होल्ट दिसतील आणि तुम्हाला वाटेल सोल्डरिंग चुकलं. नाही लावला, सरळ पॉलीफ्यूजमधून दिलं, तरी चालतं, फक्त अडकलेला डोंगल लांबून बंद-चालू करायची सोय जाते.

पॉवर जोडून झाली की सॉकेट नसतानाच तपासा. १० ओहम ५ वॅटचा पांढरा सिमेंट रेझिस्टर १ आणि ४ नंबरमध्ये लावा, ५ भागिले १० म्हणजे बरोबर ५०० मिलिअँपिअर. अर्धा तास तसंच चालू ठेवा, वायफायवर मोबाईलने व्हिडिओ लावून ठेवा, आणि मीटरवर ४.७५ च्या खाली जातंय का बघा. रेझिस्टर चांगलाच तापतो, प्लास्टिकला टेकवू नका. ही टेस्ट पास झाली तर पॉवरचा विषय संपला आणि पुढे काही अडलं तर निदान एका बाजूची शंका उरत नाही.

डेटा लाईन. दोनच तारा, पण इथे मीटरचा डायोड मोड वापरायचा. पॉवर बंद, लाल प्रोब ग्राउंडला, काळी प्रोब २ नंबरला, मग ३ नंबरला. चिपच्या आतल्या संरक्षक डायोडमुळे ०.४ ते ०.७ च्या आसपास काहीतरी आकडा यायला हवा आणि दोन्ही लाईनचा आकडा जवळजवळ सारखा हवा. ओपन दाखवलं म्हणजे मधला पार्ट गायब आहे, होलपासून चिपकडे जाणारे ते दोन बारीक समांतर ट्रॅक शोधा, वाटेत दोन रेझिस्टरच्या किंवा चार पॅडच्या चोकच्या (सिग्नलमधला गोंगाट गाळणारी छोटी कॉइल) रिकाम्या जागा सापडतील. शून्य दाखवलं म्हणजे कंपनीने वापरात नसलेली लाईन ग्राउंडला बांधून टाकलीय, तो बांधणारा छोटा रेझिस्टर शोधून काढावा लागेल. दोन्ही लाईनचे आकडे खूप वेगळे आले तर चिपची ती बाजू मेलेली असू शकते, अशा बोर्डवर पुढे वेळ घालवू नका असंच मी म्हणेन.

रेझिस्टरच्या रिकाम्या जागी किती ओहम लावायचे यावर लोक खूप वाद घालतात. जुन्या १२ मेगाबिटवाल्या (फुल-स्पीड) चिपला बाहेरून २२-३३ ओहम लागायचे, पण ४८० मेगाबिटवाल्या (हाय-स्पीड) चिपमध्ये जुळवणीचे रेझिस्टर आतच असतात, त्यामुळे भाऊ मॉडेलच्या फोटोत वेगळं दिसत नसेल तर शून्य ओहमने सुरुवात करा. डेटा लाईन ग्राउंडकडे ओढून धरणारे १५ किलोओहमचे पुलडाऊन रेझिस्टरही अशा होस्ट (पोर्ट चालवणाऱ्या) चिपमध्ये सहसा आत असतात, बाहेर लावायची गरज मला क्वचितच पडलीय. चोकच्या चार पॅडवर जंपर मारताना ट्रॅक ज्या रेषेत येतो त्याच रेषेत पुढे न्या, तिरका नाही.

होलपर्यंत ट्रॅकच नसेल आणि वायर ओढावी लागत असेल तर जुन्या यूएसबी केबलमधली हिरवी आणि पांढरी जोडी वापरा, पांढरी डी मायनस, हिरवी डी प्लस, दोन्ही सारख्या लांबीच्या, पीळ दिलेल्या, आणि चार-पाच सेंटिमीटरच्या आत. पुस्तकात या जोडीला ९० ओहम इम्पीडन्स (सिग्नलला होणारा विरोध) हवा असं लिहिलंय आणि ते खरं आहे, पण एवढ्याशा अंतरात थोडं कमी-जास्त चालून जातं, पंधरा सेंटिमीटरच्या सुट्या वायरी मात्र चालत नाहीत. आणि स्टॅटिकसाठी यूएसबीएलसी६-२ सारखा कमी कपॅसिटन्सचा आयसी लावता आला तर जरूर लावा, हिवाळ्यात कोरड्या हवेत बोट पोर्टला लागलं की तो झटका सरळ प्रोसेसरमध्ये जातो. त्या जागी साधा झेनर डायोड लावू नका, त्याचा कपॅसिटन्स एवढा असतो की सिग्नलच बसतो.

सोल्डरिंगबद्दल थोडक्यात. होल आधीच सोल्डरने भरलेले असतील तर ते लेड-फ्री असतं, २१७ डिग्रीच्या पुढे वितळतं, त्यात आधी साधं ६३/३७ कथील-शिशाचं सोल्डर आणि भरपूर फ्लक्स मिसळा, मग सकरने ओढा. ग्राउंडचं होल हट्टी असतं कारण सगळं तांबं उष्णता ओढून घेतं, तिथे जाड टोकाची बिट लावा, पण सुईने किंवा सॉकेटच्या पिनने जोर लावून ढोसू नका, होलच्या आतलं तांब्याचं अस्तर निघून येतं आणि मग दुरुस्ती अवघड. बाजूचे दोन मोठे कान नीट भरून सोल्डर करा, पेनड्राईव्ह खुपसताना-काढताना सगळा जोर तेच घेतात.

आता सॉफ्टवेअर, आणि इथे तुमच्या बाबतीत मला खरी काळजी आहे. कंपनीच्या फर्मवेअरमध्ये यूएसबी नाहीच, म्हणजे हार्डवेअर शंभर टक्के बरोबर असूनही काही दिसणार नाही. ओपनडब्ल्यूआरटी, म्हणजे राउटरसाठीचं मोफत, खुलं फर्मवेअर, टाकावं लागेल. तुमची फ्लॅश २५क्यू३२, हे ३२ मेगाबिट आहेत, मेगाबाइट नाही, म्हणजे ४ मेगाबाइट. आणि या वर्गातल्या राउटरला रॅम बहुतेक ३२ मेगाबाइट असते. ४/३२ वाल्या राउटरसाठी ओपनडब्ल्यूआरटीची १९.०७ ही शेवटची अधिकृत सिरीज, त्यानंतर सपोर्ट थांबवला, म्हणजे सुरक्षेचे नवे अपडेट नाहीत, म्हणून हा राउटर थेट इंटरनेटच्या तोंडाशी ठेवू नका, मुख्य राउटरच्या मागे ठेवा. त्या ४ मेगाबाइटमध्ये वेब पेज, यूएसबी, स्टोरेज, फाईल सिस्टीम आणि शेअरिंग एवढं सगळं मावत नाही. वेब पेज काढून स्वतःची इमेज (फ्लॅशवर टाकायची फर्मवेअरची फाईल) बनवावी लागते, त्यात यूएसबी, यूएसबी स्टोरेज, ड्राईव्ह जोडणारं ब्लॉक-माउंट आणि ईएक्सटी४ फाईल सिस्टीमचे मॉड्यूल टाकायचे, मग एक्स्ट्रूट करून बाकीचं पेनड्राईव्हवरून चालवायचं. दुसरा उपाय फ्लॅश बदलून २५क्यू१२८, म्हणजे १६ मेगाबाइट, पण त्याआधी जुन्या फ्लॅशची पूर्ण कॉपी प्रोग्रॅमरने काढून दोन ठिकाणी ठेवा, कारण त्यातल्या एआरटी भागात तुमच्याच बोर्डच्या वायफायचं कॅलिब्रेशन असतं, ते गेलं तर इंटरनेटवरून दुसऱ्याचं आणून तसं चालत नाही.

शिवाय तुमच्या मॉडेलच्या इमेजमध्ये यूएसबीचा कंट्रोलर बंद म्हणून नोंदवलेला असू शकतो, नव्या ओपनडब्ल्यूआरटीत डिव्हाइस ट्रीमध्ये (बोर्डवर काय काय आहे त्याची यादी) यूएसबी आणि त्याचा फाय (तारांशी बोलणारा भाग) दोन्ही ओके करून मोड होस्ट लिहावा लागतो आणि इमेज परत बनवावी लागते. एआर९३३१ ला अजून एक खोड आहे, तो सुरू होताना एका पिनच्या स्थितीवरून ठरवतो की मी होस्ट आहे की डिव्हाइस, त्यामुळे सगळं बरोबर असून लॉगमध्ये (राउटरच्या नोंदींत) यूएसबीचा होस्ट दिसतच नसेल तर ती पिन, म्हणजे बूटस्ट्रॅप, तपासा. हे सगळं करायच्या आधी सीरियल कन्सोल, म्हणजे राउटरचे संदेश कॉम्प्युटरवर दाखवणारी जोडणी, जोडून घ्या, ३.३ व्होल्टचा टीटीएल अडॅप्टर, ११५२०० बॉड, फक्त ग्राउंड, टीएक्स (पाठवायची), आरएक्स (घ्यायची), पॉवरची वायर जोडायची नाही. इमेज चुकली तरी राउटर परत उभा करता येतो.

लॉग वाचायला शिका, मीटरएवढाच कामाचा आहे. पेनड्राईव्ह लावल्यावर न्यू हाय-स्पीड यूएसबी डिव्हाइस अशी ओळ आली तर झालं काम. लो-स्पीड म्हणाला आणि पाठोपाठ डिस्क्रिप्टर रीड एरर उणे ७१ किंवा उणे ११० आला, तर डी प्लस आणि डी मायनस उलट लागलेत. कारण डिव्हाइस डी प्लस वर ओढून मी वेगवान आहे असं सांगतो आणि डी मायनस ओढून मी लो-स्पीड आहे असं, तारा उलट झाल्या की होस्टला उलटाच निरोप मिळतो. यात सहसा काही जळत नाही, तारा बदलल्या की चालतं. हाय-स्पीडच्या ऐवजी फुल-स्पीड म्हणतोय किंवा सतत जोडला-तुटला चाललंय, तर पॉवर बसतेय नाहीतर वायरी लांब आहेत. आणि लॉगमध्ये काहीच येत नाही तर पोर्टवरचे ५ व्होल्ट परत मोजा, आधी तेच. या चिपच्या पोर्टवर जुने १.१ वाले डिव्हाइस, म्हणजे कीबोर्ड किंवा काही साउंड कार्ड, थेट लावले तर अडतात, मध्ये यूएसबी २.० हब टाकला की चालतात. हब पॉवरवाला असेल तर तो उलटा ५ व्होल्ट राउटरमध्ये ढकलत नाही ना हे राउटरची पॉवर काढून मोजून घ्या, स्वस्त हबमध्ये हे सर्रास होतं.

म्हणजे क्रम असा, फोटो आणि ग्राउंड, मग ५ व्होल्ट आणि लोड टेस्ट, मग डेटा लाईनचे आकडे, मग सीरियल आणि सॉफ्टवेअर, आणि हे सगळं जमतंय असं दिसलं की सॉकेट.

आता करावं का. तुमचा हेतू घरात सिनेमे आणि फोटो शेअर करायचा आहे असं तुम्ही लिहिलंय, त्यासाठी मी करू नका म्हणेन. राउटरचे लॅन पोर्ट १०० मेगाबिटचे, म्हणजे कागदावरच सेकंदाला साडेबारा मेगाबाइट, आणि ४०० मेगाहर्ट्झचा प्रोसेसर सांबा (फाईल शेअर करणारा प्रोग्रॅम) चालवताना माझ्याकडे चार-पाच मेगाबाइटच्या पुढे कधी गेला नाही, मोठा सिनेमा कॉपी करायला ताटकळत बसाल. पण प्रिंटर घरभर वापरायचा असेल, शेतातल्या मोटरजवळ किंवा दुकानात छोटा लॉगर चालवायचा असेल, सीरियल केबल लावून जुन्या मशीनशी बोलायचं असेल, किंवा निव्वळ शिकायचं असेल तर जरूर करा, डेटा लाईन, बक रेग्युलेटर, बूटलोडर हे सगळं एकाच बोर्डवर हाताने शिकायला मिळतं, आणि जुना राउटर बिघडला तरी मोठं नुकसान नाही. राउटर तुमच्या इंटरनेटवाल्याने वापरायला दिलेला असेल तर मात्र हात लावू नका, तो त्यांचा आहे आणि परत द्यावा लागतो.

खाली एकाने विचारलंय की टीव्ही आणि डीव्हीडी प्लेयरवर पण अशी जागा आहे, तिथे हेच करता येईल का. तत्त्व तेच, पण तिथे डब्याच्या आतच २३० व्होल्टचा सप्लाय असतो, त्यातल्या मोठ्या कपॅसिटरवर जवळपास ३२५ व्होल्ट डीसी साठलेले असतात आणि प्लग काढल्यावरही काही वेळ राहतात. शिवाय अशा पोर्टमागचं फर्मवेअर बहुतेक वेळा फक्त सर्व्हिससाठी असतं, ओपनडब्ल्यूआरटीसारखा पर्याय नसतो. एसएमपीएसवर, म्हणजे अशा सप्लायवर, हात बसलेला नसेल तर ते उघडू नका. राउटरचं बरं आहे, आत फक्त ९ व्होल्ट येतात.

तुम्ही पुढे जायचं ठरवलंत तर बोर्डचे दोन्ही बाजूंचे फोटो उजेडात काढून टाका, डीसी जॅक आणि यूएसबीच्या जागेच्या मधला भाग जवळून, आणि सोबत तीन आकडे लिहा, १ नंबरवरचं व्होल्टेज, आणि २ व ३ नंबरचे डायोड मोडचे आकडे. रविवारी दुपारी मी बघतो आणि कुठे कोणता पार्ट लागेल ते फोटोवर खुणा करून देतो.